उद्या काम आहे की नाही, हे कोण ठरवतं?

आजचा विषय कंपनीतला आहे, पण रेडिओ बंद करू नका. आपल्या गावागावांतून बारावी झालेल्या, आयटीआय केलेल्या पोरी रांजणगावला, चाकणला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कंपन्यांत कामाला जातात. गटाच्या बैठकीत त्यांच्या आयांकडून आम्ही दोन तक्रारी ऐकतो. एक अशी, की पोरगी बारा-बारा तास कंपनीत असते, रविवारचीसुद्धा सुट्टी नाही. दुसरी नेमकी उलटी, की कंत्राटदाराचा फोन आला, आठवडाभर येऊ नका, माल नाही. कधीकधी एकाच घरात, एकाच महिन्यात दोन्ही. मशीन जागेवर, माणसं हजर, ऑर्डर हातात, मग माल नाही म्हणजे काय? पोरींना विचारलं तर त्या म्हणतात, "सिस्टीमला तसं आलंय."

ही सिस्टीम म्हणजे सामानाचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर. ते काय करतं आणि कुठे फसतं, हे आज आपण समजून घेऊ.

एक उदाहरण धरून चालू. एका कंपनीला दसऱ्यापर्यंत एक हजार सौर कंदील द्यायचे आहेत. एका कंदिलाला काय लागतं? एक प्लॅस्टिकची बॉडी, एक सौर पॅनल, एक बॅटरी, एक बटण, सहा स्क्रू, एक खोका आणि आत एक हिरवी पट्टी, जिला पोरी बोर्ड किंवा पीसीबी म्हणतात. त्या बोर्डावर पुन्हा बारा एलईडी, तिळाएवढे वीसेक सुटे भाग आणि बॅटरी चार्ज करणारी एक चिप. म्हणजे यादीच्या पोटात आणखी एक यादी. पुरणपोळीच्या यादीत पुरण, आणि पुरणाची यादी वेगळी, डाळ, गूळ, वेलची, जायफळ, तसंच हे. कारखान्यात या यादीला बीओएम म्हणतात आणि सगळा हिशोब तिच्यावर उभा असतो.

आता आकडे मांडू. हजार कंदिलांना हजार बोर्ड हवेत. स्टोअरमध्ये दीडशे तयार आहेत. म्हणून करायचे राहिले ८५०. एका बोर्डाला बारा एलईडी, म्हणजे १०,२०० एलईडी. शिल्लक आहेत ४,०००, आणि ३,००० ची ऑर्डर आधीच दिलेली आहे, ती वाटेत आहे. कमी पडतात ३,२००. पण एलईडी सुटे मिळत नाहीत, ते रिळावर गुंडाळून येतात. समजा एका रिळावर २,००० आहेत, तर दोन रिळं मागवावी लागतील आणि ८०० उरतील. चिपा हव्यात ८५०, शिल्लक ३००, मागवायच्या ५५०. खरं तर थोड्या जास्तच, कारण बसवताना काही पडतात, काही खराब निघतात.

इथपर्यंत वहीतली बेरीज-वजाबाकी आहे. गटाच्या हिशोबनीस बाईला हे पाच मिनिटांचं काम. खरी मेख पुढे आहे, ती वेळेची.

कंदील दसऱ्याला हवेत. तपासणी, पॅकिंग आणि वाहतुकीला एक आठवडा. जोडणीला एक आठवडा. बोर्ड तयार करायला दोन आठवडे. आणि चिप मागवल्यापासून हातात यायला बारा आठवडे. सगळं उलटं मोजत गेलं तर सोळा आठवडे होतात. म्हणजे चिपेची ऑर्डर द्यायची ती दसरा जवळ आल्यावर नाही, वटपौर्णिमेच्या सुमाराला. एलईडी पाच आठवड्यांत येतात, त्यांची ऑर्डर नागपंचमीच्या आसपास दिली तरी चालते. प्लॅस्टिकची बॉडी दोन आठवड्यांत मिळते, ती गणपतीत सांगायची. सगळं एकदम वटपौर्णिमेलाच का घेऊन ठेवायचं नाही, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर पुढे येतंच.

एका कंदिलाचं नियोजन वहीत होईल. पण कारखाना चाळीस प्रकारचा माल बनवतो. एकच एलईडी पाच मॉडेलमध्ये लागतो. सुटे भाग चीन, तैवान, जपान, कोरिया अशा चार दिशांनी येतात. रोज कुणाची तारीख पुढे जाते, रोज एखाद्या गिऱ्हाइकाची ऑर्डर वाढते नाहीतर कमी होते. एक आकडा हलला की खालचे हजार आकडे हलतात. सॉफ्टवेअर हेच काम करतं. वरची मागणी घ्यायची, यादीनुसार फोडायची, शिल्लक आणि वाटेतला माल वजा करायचा, तारखेपासून उलटं मोजायचं, आणि सांगायचं की आज अमुक वस्तू इतकी मागवा. बरेच कारखाने हे गणित रोज रात्री करून घेतात. सकाळी खरेदीच्या टेबलावर यादी तयार असते.

ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी कारखाने आपण चहापत्तीचं करतो तसं करायचे, डब्याचा तळ दिसला की आणायची. घरात ते बरोबर आहे, कारण चहा रोज सारखाच लागतो. कारखान्यात चिपेचा डबा महिनाभर भरलेला दिसतो आणि एक मोठी ऑर्डर लागली की एका दिवसात रिकामा होतो. तळ दिसल्यावर मागवली तर पुढचे बारा आठवडे हातावर हात. ऑर्लिकींचं म्हणणं साधं होतं. कंदील किती विकले जातील याचा अंदाज करावा लागतो, त्याला इलाज नाही. पण कंदील किती करायचे हे एकदा ठरलं की चिपा किती लागतील याचा अंदाज का करायचा? तो तर हिशोब आहे. आम्हाला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट हीच. १९७२ साली जर्मनीत सुरू झालेल्या सॅप कंपनीचं सॉफ्टवेअर आज जगभरच्या कारखान्यांत चालतं. कंपनीतल्या पोरी "सॅपला एंट्री केली" म्हणतात ते हेच. त्याच्या पोटातसुद्धा हाच हिशोब आहे.

आता मघाचा प्रश्न. सगळं आधीच घेऊन का ठेवत नाहीत? कारण पैसा अडकतो. आपल्या मसाल्याच्या गटाला विचारा. बँकेचं कर्ज काढून वर्षाची मिरची एकदम भरली, तर मिरची पोत्यात आणि व्याज डोक्यावर. इलेक्ट्रॉनिक मालात भर अशी, की मॉडेल बदलतं आणि जुनी चिप कुणी फुकट घेत नाही. काही माल तर टिकतच नाही. बोर्डावर भाग चिकटवायला शिशाच्या मलमासारखी सोल्डर पेस्ट लागते. ती फ्रीजमध्ये ठेवतात, साधारण सहा महिन्यांत वापरावी लागते, आणि दह्याच्या सायीसारखी थंडगार काढून लगेच लावता येत नाही, आधी खोलीच्या तापमानाला आणावी लागते. म्हणून महागडा माल मोजून मागवायचा, स्क्रू-खोक्यांसारखा स्वस्त माल थोडा सढळ ठेवायचा आणि जो उशिरा येतो, त्याचा थोडा जास्तीचा साठा अडीअडचणीला बाजूला ठेवायचा, अशी तारेवरची कसरत चालते.

आणि गंमत बघा, कामाला खीळ बसते ती बहुतेक वेळा महाग वस्तूमुळे नाही. २०१८ च्या सुमाराला कॅपॅसिटर नावाच्या, राईएवढ्या भागांची जगभर टंचाई झाली होती. एका स्मार्टफोनमध्ये ते शेकड्यांनी लागतात, किंमत पैशांत. नव्याण्णव वस्तू हजर आणि राईएवढी एक गैरहजर, तरी माल बाहेर जात नाही. त्यामुळे चांगलं सॉफ्टवेअर नुसतं "काय मागवा" एवढं सांगून थांबत नाही. आज हातात आहे त्या सामानात कोणता माल पूर्ण होऊ शकतो, हेही ते दाखवतं. लाइनवर सोमवारी कंदील ठरलेला असतो आणि ऐनवेळी पंख्याचा रिमोट लावतात, त्याचं कारण बहुधा हे.

सॉफ्टवेअर असूनही दोन कंपन्यांचं नशीब कसं वेगळं होतं, याची एक खरी गोष्ट सांगतो. १७ मार्च २००० ची रात्र. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की गावी फिलिप्स कंपनीचा चिपांचा कारखाना होता. वीज पडली, आत आग लागली. दहा-एक मिनिटांत आग विझलीसुद्धा. पण चिपांच्या खोलीत धुळीचा कण चालत नाही, तिथे धूर आणि पाणी शिरलं. फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन या दोन्ही मोबाइल कंपन्या तिथून चिपा घेत. दोघींनाही निरोप एकच गेला, की साधारण आठवडाभर उशीर होईल.

नोकियाच्या माणसांना येणाऱ्या मालाच्या आकड्यांत गडबड आधीच दिसली होती. निरोपावर ती थांबली नाहीत. त्या चिपांवर खास नजर ठेवली आणि आठवड्याऐवजी रोज विचारपूस सुरू केली. आठवड्याचे आठवडे जाणार हे लक्षात येताच वरच्या साहेबांपर्यंत बातमी गेली, फिलिप्सच्या दुसऱ्या कारखान्यांत जागा मागितली गेली, दुसऱ्या पुरवठादारांना गाठलं, काही चिपांची रचना बदलून त्या दुसरीकडे करून घेतल्या. एरिक्सनमध्ये मात्र खालच्या टेबलावर "आठवड्याचा उशीर" म्हणून कागद पडून राहिला. मोठ्या साहेबांना कळेपर्यंत आठवडे उलटले, आणि काही चिपांना त्यांच्याकडे दुसरा पुरवठादारच नव्हता. त्या वर्षी या एका कारणाने एरिक्सनची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली. कंपनीच्या मोबाइल धंद्याच्या दुखण्याला इतरही कारणं होती, पण २००१ साली तिने तो धंदा सोनीबरोबर भागीदारीत नेला.

नोकियाने वेगळं काय केलं? पडद्यावर दिसलेला आकडा पाहून माणसांनी फोन उचलला, एवढंच. पुरवठादाराने दिलेली तारीख सॉफ्टवेअर खरी धरून चालतं. ती खरी आहे का, हे विचारायला माणूसच लागतो.

दुसरी फसगत मागणीच्या आकड्याची. रॉकेलची टंचाई होती तेव्हाची रांग आठवा. टँकर कमी येणार म्हटलं की एकेका घरातून दोघे-तिघे वेगवेगळ्या दुकानांसमोर कॅन घेऊन उभे. रांग मोजणाऱ्याला वाटावं, गावाला तिप्पट रॉकेल लागतं. अमेरिकेतल्या सिस्को कंपनीचं असंच झालं. ही इंटरनेटच्या जाळ्याची उपकरणं बनवते. २००० साली मागणी जोरात, माल मिळेना, म्हणून गिऱ्हाइकांनी एकाच गरजेसाठी दोन-तीन ठिकाणी ऑर्डरी नोंदवल्या. सिस्कोच्या संगणकाने त्या सगळ्या खऱ्या धरल्या, आणि त्यांच्या जोरावर सुट्या भागांचे ढीग मागवले गेले. पुढच्या वर्षी बाजार बसला, दुहेरी ऑर्डरी पाण्यातल्या मिठासारख्या विरघळल्या आणि कंपनीला सुमारे २२० कोटी डॉलरचा माल खात्यातून उडवावा लागला. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. संगणकाच्या बेरजेत चूक नव्हती. त्याला मिळालेला आकडाच पोकळ होता.

आपल्या अंगणातलं उदाहरण २०२१ चं. करोना आला तेव्हा, २०२० मध्ये, गाड्या खपणार नाहीत म्हणून वाहन कंपन्यांनी चिपांच्या ऑर्डरी कमी केल्या. चिपा करणाऱ्यांनी ती जागा लॅपटॉप आणि फोनच्या चिपांना दिली, कारण घरोघरी त्यांची मागणी वाढली होती. गाड्यांची मागणी सगळ्यांच्या अंदाजाआधी परत आली, पण रांगेतली जागा गेली होती. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली. त्याची झळ थेट इथवर आली. महिंद्राने त्या सप्टेंबरमध्ये आपल्या वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन होणार नाही, असं जाहीर केलं. चाकणला आणि नाशिकला या कंपनीचे कारखाने आहेत. मोठा कारखाना थांबला की त्याला वायरिंग, सीट, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानेही थांबतात, आणि तिथे रोजंदारीवर कोण असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आयांच्या तक्रारीचं उत्तर आता लागतं. चिप चार दिवस उशिरा आली, तर चार दिवस लाइन बंद. पण गिऱ्हाइकाची तारीख हलत नाही, म्हणून चिप आल्यावर बारा तासांची पाळी. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. अंदाज चुकल्याचा, तारीख हुकल्याचा बोजा कुणी तरी उचलतोच. कंपनी जास्तीचा साठा ठेवून तो पैशात उचलू शकते. तो ठेवला नाही, तर तो बोजा कंत्राटी पोरीच्या वेळापत्रकावर जातो. आमच्या मते हा हिशोब सॉफ्टवेअरचा नाही, तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे. "सिस्टीमला तसं आलंय" या वाक्यामागे तो झाकला जातो. पुष्कळ कारखाने येत्या एक-दोन आठवड्यांचा आराखडा गोठवून ठेवतात, काहीही झालं तरी त्यात बदल करत नाहीत. तसं असेल तर पोरीला आपल्या पाळ्या आधी कळतात, घरच्यांना जत्रा, लग्न, दवाखाना ठरवता येतो. कामाला लागताना पाळी किती दिवस आधी कळते, हे जरूर विचारावं. पगारासोबत हा प्रश्नही तेवढाच मोठा आहे. आणि ओव्हरटाइम झाला, तर कायद्यानुसार त्याचे पैसे नेहमीच्या दराच्या दुप्पट मिळाले पाहिजेत. पगाराची चिठ्ठी घ्यावी, त्यात ते तास वेगळे दिसतात का बघावं.

तिसरी फसगत स्टोअरमधल्या शिल्लकेची. ही आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती बहुतेक ठिकाणी आपल्याच पोरींच्या हातात असते. लाइनवर मशीनला रीळ लावताना त्यावरची पट्टी स्कॅन करायची असते. गडबडीत एक रीळ स्कॅन न करता लागलं, की संगणकाच्या लेखी ते अजून कपाटात आहे. समजा त्यावर ५,००० भाग होते. आता संगणक महिनाभर म्हणत राहतो, पाच हजार शिल्लक आहेत, मागवायची गरज नाही. ज्या दिवशी लागतात त्या दिवशी कपाट उघडलं तर रिकामं. खराब बोर्ड फेकून दिले आणि नोंदवले नाहीत, पुरवठादाराने ९०० दिले आणि घाईत १,००० म्हणून उतरवून घेतले, दुसऱ्या कंपनीचा पर्यायी भाग लावला आणि जुन्याच नावाने नोंद केली, असे शंभर प्रकार. म्हणून चांगल्या स्टोअरमध्ये वर्षातून एकदा सगळं मोजण्यावर भागवत नाहीत. रोज थोडे थोडे कप्पे मोजतात, महागडे जास्त वेळा, स्वस्त कमी वेळा, आणि फरक आला तर तो का आला ते शोधतात. नुसता आकडा दुरुस्त करून पुढे जाणं म्हणजे गळक्या हंड्यात पुन्हा पाणी ओतणं.

हे काम येणाऱ्या मुलीला कारखान्यात किंमत असते. लाइनवर स्क्रू लावणारी बदलता येते. कोणता भाग कुठे आहे, किती आहे, कोणता संपत आलाय हे छातीठोक सांगणारी सहजासहजी सोडत नाहीत. तेव्हा आपल्या मुलींनी स्टोअरचं, नोंदीचं, स्कॅनिंगचं काम मिळालं तर ते हलकं समजू नये. एक्सेल शिकावं. टॅली येत असेल तर साठ्याचा भागही शिकून घ्यावा, सॅपसारखं सॉफ्टवेअर मग परकं वाटत नाही.

आणि नोकिया? तिने २००६ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फोनचा मोठा कारखाना सुरू केला. तिथे हजारो तरुण मुली काम करायच्या. पण लोकांना पडद्यावर बोट फिरवायचे फोन हवेसे झाले आणि नोकिया मागे पडली. २०१४ साली तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. तो कारखाना कराच्या वादात अडकून मागे राहिला आणि त्याच वर्षी बंद पडला. सुटे भाग वेळेवर कसे आणायचे, हे त्या कंपनीला जगात सर्वांत चांगलं येत होतं.

पुढच्या वेळी याच उलट्या मोजणीने आपण दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीचं वेळापत्रक करू. भाजणीचं धान्य कधी आणायचं, गिरणीवाल्याला कधी सांगायचं, पाकिटं कधी छापायची. त्या दिवशी वही-पेन घेऊन बसा, आणि गेल्या दिवाळीला कोणती वस्तू किती विकली गेली होती तो आकडा गटाच्या वहीतून काढून ठेवा.